द्राक्षाचा मार्च आणि दहावीचा मार्च: शाळा सुटलेल्या आदिवासी पोरांसाठी वेगळी शाळा कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की सगळ्या पेपरांत पेढे भरवतानाचे फोटो येतात आणि ते यायलाच पाहिजेत, पोरांनी वर्षभर मान मोडून अभ्यास केलेला असतो. दुसऱ्या दिवशी नापासांना धीर देणारं काहीतरी येतं, खचू नका, पुरवणी परीक्षा आहे वगैरे, ते पण ठीकच. मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ती पोरं पास पण नसतात आणि नापास पण नसतात, ती परीक्षेला बसलेलीच नसतात. आठवी नववीतच कधीतरी गळालेली असतात, निकालाचा टक्का काढताना ती कुणाच्या हिशोबातच नसतात आणि त्यामुळे टक्का छान दिसतो.

मी द्राक्ष बागायतदार आहे, राहायला नाशिकला म्हसरूळमधे आणि बाग दिंडोरी तालुक्यात. शिक्षणातला तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. पण ही पोरं शिक्षण खात्याला सापडत नाहीत म्हणतात ती मला दर वर्षी माझ्याच बागेत भेटतात म्हणून लिहितोय.

आधी आमचं वर्ष कसं चालतं ते सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी म्हणजे फळासाठीची छाटणी सुरू झाली की सुरगाणा, पेठ, हरसूल, कळवण या डोंगराकडच्या भागातून टोळ्या खाली उतरतात, काही मुकादमामार्फत उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन ठरलेल्या, काही सकाळी गिरणारेच्या मजूर बाजारात उभ्या राहणाऱ्या. छाटणी, मग फेलफूट म्हणजे नको असलेले फुटवे काढणं, थिनिंग म्हणजे घडातले मणी विरळ करणं, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं असं करत जानेवारी येतो आणि तिथून मार्च-एप्रिलपर्यंत माल काढणी. मधे मधे टोमॅटो, कांदा लागवड, आणि द्राक्ष संपतात तोवर उन्हाळ कांदा काढायला आलेला असतो. होळीला मात्र सगळे चार दिवस गावी जाणार म्हणजे जाणारच, तिथं कुणाची मात्रा चालत नाही. मग मे महिना गावाकडं, पाण्यासाठी वणवण, आणि जून-जुलै घरची भात, नागली, वरईची आवणी म्हणजे लावणी.

आता यावर बोर्डाचं वेळापत्रक ठेवून बघा. दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चमधे म्हणजे आमच्या काढणीच्या ऐन तोंडावर. पुरवणी परीक्षा जून-जुलैत म्हणजे ऐन आवणीत. शाळा भरते जूनला तेव्हा घरी कामाची घाई, आणि शाळेला सुट्टी लागते मे महिन्यात जेव्हा या पोरांना गावात बसून दुसरा उद्योग नसतो. मुद्दाम ठरवून केलं असतं तरी इतकं उलटं जमलं नसतं. शाळेचं वर्ष ज्यांनी बनवलं त्यांच्या डोळ्यासमोर पगारदार घरातलं पोरगं होतं, त्यात वाईट काही नाही, पण सगळ्यांनी त्याच वर्षात बसायचं आणि नाही बसलं तर पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही म्हणायचं हे काय बरोबर वाटत नाही.

महत्त्व नाही म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. २०१८ च्या मार्चमधे नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला होता, त्यात बहुतेक माणसं सुरगाणा, पेठ, दिंडोरी इकडची आदिवासीच होती. मुंबईत शिरल्यावर दुसऱ्या दिवशी दहावीच्या पोरांचा पेपर आहे, ट्रॅफिकमुळं त्यांची अडचण नको म्हणून ही माणसं पायाला फोड आलेले असताना न झोपता रात्रीतच आझाद मैदानापर्यंत चालत गेली. दुसऱ्याच्या पोरांच्या पेपरसाठी रात्रभर चालणाऱ्या माणसांना शिक्षणाची किंमत कळत नाही असं ज्याला म्हणायचं असेल त्याने म्हणावं.

माझ्याकडं येणाऱ्या टोळीचा हिशोब एक मुलगी ठेवते, सातवीतून सुटलेली. थिनिंगचं काम एकरावर ठरतं, पण टोळीत वाटणी हजेरीवर होते, कोण अर्धा दिवस आलं, कोणाची उचल किती कापायची, किराणा कुणाच्या नावावर किती, हे सगळं तिच्या वहीत असतं आणि मुकादम स्वतः तिला विचारतो. तिला तुम्ही अपूर्णांक आणि टक्केवारीचा पेपर द्या, भाषा पुस्तकी असेल तर अडेल, पण गणित तिला येतं. दुसरा एक पोरगा, आता एकोणीस-वीसचा असेल, नववीत गणितातच अडकून शाळा सोडली त्याने, आणि जीए या मणी फुगवायच्या औषधाचं दहा पीपीएमचं म्हणजे लिटरला दहा मिलीग्रॅमचं द्रावण दोनशे लिटरच्या ड्रमला करायचं तर किती ग्रॅम हे विचारलं की तोंडी दोन ग्रॅम सांगतो, माझा पुतण्या बीकॉम झालाय तो मोबाईल काढतो. पोरं हुशार असतात वगैरे गोड बोलायचं म्हणून हे सांगत नाहीये, यांच्याकडं जे आहे त्याला कुठल्याच परीक्षेत मार्क नाहीत आणि त्यावरून पुढं शिकवणारं पण कोणी नाही, एवढंच म्हणतोय.

बरं यांना शाळा नव्हती असंही नाही. बहुतेक जण आश्रमशाळेतलीच. राज्यात सरकारी आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आणि अनुदानित पण साधारण तितक्याच, त्यांनी दोन पिढ्यांना अक्षर दिलं हे नाकारता येणार नाही, आज जे मास्तर, नर्स, तलाठी या भागातून झालेत ते तिथूनच झालेत. पण पहिलीतल्या लेकराला आईबापापासून उचलून वसतिगृहात ठेवायचं हीच त्या शाळेची मांडणी आहे आणि ज्याला ते सोसलं नाही, जो पळून आला, जो आजारी पडून घरी आला आणि परत गेलाच नाही, त्याच्यासाठी पुढं काहीच नाही. दिवाळीची सुट्टी संपते तेव्हा घरचे छाटणीला निघालेले असतात, पोरगं त्यांच्याबरोबर निघतं, मास्तर बिचारे मोटारसायकलवर पाड्या पाड्याला फिरून पोरं गोळा करतात, काही येतात काही नाही. त्यात मास्तरच टिकत नाहीत. २०२५ च्या पावसाळ्यात गडकरी चौकात आदिवासी विकास भवनासमोर रोजंदारी शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं बिऱ्हाड आंदोलन किती दिवस चाललं ते नाशिककरांनी बघितलंय, बहुतेकांनी त्यात ट्रॅफिकच्याच तक्रारी केल्या. ज्या मास्तरची नोकरी पुढच्या वर्षी राहील का माहीत नाही त्याने गळालेलं पोरगं शोधत डोंगर चढावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मुलांना घरापासून तोडून शाळेत घालण्याचं टोक कॅनडाने गाठलं होतं, तिथल्या मूळनिवासी मुलांना जबरदस्तीने निवासी शाळांत डांबून त्यांची भाषा बोलली तर मारायचे, शंभर वर्षांहून जास्त हे चाललं, शेवटची शाळा नव्वदच्या दशकात बंद झाली आणि २००८ ला त्यांच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आपल्या आश्रमशाळा म्हणजे ते नव्हे, मी तशी तुलना करत पण नाही, इथं कोणी जबरदस्तीने नेत नाही आणि आईबाप स्वतः आणून सोडतात. न्यूझीलंडमधे माओरी लोकांनी उलटी गोष्ट केली, १९८२ पासून स्वतःच्या भाषेतल्या बालवाड्या काढल्या आणि १९८५ ला स्वतःची शाळा, आधी स्वतः चालवली मग सरकारला मान्य करायला लावलं. म्हणजे शाळा त्या समाजाच्या हातात देणं हे स्वप्न नाही, होऊ शकतं.

आणि तेवढ्या लांब तरी कशाला जायचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच डहाणूजवळ कोसबाडला कुरणशाळा चालवली. वारली पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत तर मग शाळाच कुरणावर नेली, गुरं चरतायत आणि झाडाखाली शिकणं चाललंय, सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. पोरगं कुठं आहे ते आधी बघायचं आणि मग शाळेची जागा ठरवायची हे एवढंच त्यात होतं. आज आम्ही बायोमेट्रिक हजेरीपर्यंत पोचलो पण हे कुरणापर्यंत जाणं मात्र मधेच कुठंतरी सुटलं. नंदुरबारला अक्कलकुवा-धडगावच्या नर्मदाकाठी नर्मदा बचाव आंदोलनाने नव्वदच्या दशकात जीवनशाळा सुरू केल्या, जिथं सरकारी शाळा कागदावर होती आणि मास्तर पगारापुरता होता तिथं गावातल्याच पोरांना शिक्षक केलं आणि पावरी-भिली बोलीतून सुरुवात केली. धरण, आंदोलन याबद्दल कुणाचं काही मत असो, शाळा चालल्या हे खरं.

मला स्वतःला सगळ्यात जवळचं वाटतं ते पाबळचं विज्ञान आश्रम. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, डॉ. श्रीनाथ कलबाग म्हणून शास्त्रज्ञ होते, हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून १९८३ ला तिथं येऊन बसले आणि शाळा सोडलेल्या पोरांना घेऊन काम सुरू केलं. वर्षभर राहायचं आणि हाताने काम करत शिकायचं, वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वायरिंग, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया, आणि त्यातूनच मोजमाप, हिशोब, विज्ञान. पोरगं शेड उभं करतं तेव्हा त्याला कोन आणि क्षेत्रफळ लागतंच, मग ते शिकतं. मुक्त शाळेची, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येते त्या बोर्डाची, त्याला मान्यता मिळाली. चाळीस वर्षं झाली ही गोष्ट इथं दीडदोनशे किलोमीटरवर चालू आहे आणि आमच्या सुरगाण्याला तसं एक केंद्र नाही, ते का हे मला खरंच समजत नाही.

आता कायद्याचं बघू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला एप्रिल २०१० पासून, त्यात ६ ते १४ वयाची हमी. शाळाबाह्य पोराला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागं पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं हे पण त्यात आहे. चौदा संपले की हमी संपली. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ ला बदल झाला, चौदाच्या आतल्याला कामाला लावायचं नाही, चौदा ते अठराला धोक्याच्या कामावर घ्यायचं नाही, बाकी चालतं. म्हणजे पंधराव्या वर्षी कायदा म्हणतो तू कामाला जाऊ शकतोस, आणि शाळेत ये असं मात्र कोणी त्याला म्हणायला बांधील नाही. माझ्या बागेत दिसतात ती नेमकी या चार वर्षांतली पोरं. पुढं काय होतं सगळ्यांना माहीत आहे, मुलींची लग्नं अठराच्या आत उरकली जातात, मुलगे वापी, सुरतकडं कंपनीत नाहीतर बांधकामावर. २०२२ च्या डिसेंबरमधे सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातमधे जाऊ द्या अशी मागणी केली तेव्हा सगळे नेते धावत गेले होते, ती पोरं तर कधीचीच गुजरातला गेलेली.

आणि त्याहून वाईट पण होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमधे इगतपुरीच्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली लहान मुलं थोड्याशा पैशावर आणि एखाद्या मेंढीवर मेंढपाळांकडे राबायला दिलेली होती हे बाहेर आलं, त्यातली एक मुलगी मेली म्हणून ते बाहेर आलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. ती मुलं चौदाच्या खूपच आतली होती म्हणजे हमीच्या वयातली, तरी कुठल्याही शाळेला ती नाहीत हे जाणवलं नव्हतं. कातकऱ्यांचे तर कागदच नसतात, जन्माचा दाखला नाही, जातीचा नाही, वस्ती आज इथं उद्या तिथं.

शाळाबाह्य मुलांचे सर्व्हे होतात ना, होतात. २०१५ ला ४ जुलैला एकाच दिवसात अख्ख्या राज्याचा सर्व्हे केला होता. २०२२ ला मिशन झिरो ड्रॉपआऊट झालं, ते पण जुलैत. जुलैत ही घरं आवणीसाठी गावातच असतात, पोरांची नावं शाळेच्या पटावर असतात, मग शाळाबाह्य कोण सापडणार? सर्व्हे करायचाच असेल तर डिसेंबरात करा, आणि गावात नको, दिंडोरी-निफाडच्या बागांमधे करा, पिंपळगाव-लासलगावच्या कांद्याच्या शेडमधे करा, वीटभट्टीवर करा. स्थलांतर होताना पोराबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायची पद्धत आहे, ते दाखवून दुसऱ्या शाळेत बसता येतं, कागदावर उत्तम आहे, मी मजुरांना विचारत असतो आणि ते कार्ड अजून माझ्या तरी पाहण्यात आलेलं नाही.

तर मग करायचं काय. मला वाटतं नवीन कायदा, नवीन बोर्ड काही काही लागत नाही, सगळं आधीच आहे आणि अर्धं तर नाशकातच आहे. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून आहे, दहावीला चौदा वर्षं पूर्ण पाहिजेत, पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, एकदा नाव घातलं की पाच वर्षं आणि नऊ संधी, एक एक दोन दोन विषय करून सोडवता येतात, मराठीतून देता येते, आणि बोर्डाच्या दहावीत पास झालेले दोन विषय असतील तर ते पण धरले जातात. द्राक्ष संपली की एप्रिल-मेची परीक्षा, बघा किती बरोबर बसतं. राज्याचं पण मुक्त विद्यालय मंडळ आहे. बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म तर सगळ्यांना माहीतच आहे, पण तो भरला तरी परीक्षा तीच मार्चमधली. आणि समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेमधे १६ ते १९ वयाच्या वंचित गटातल्या शाळाबाह्य पोरांना मुक्त शाळेतून शिकण्यासाठी वर्षाला २००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. किती जणांना ही माहिती आहे? माझ्या टोळीत कुणालाही नव्हती, आणि मी ज्या एका शाळेत चौकशी केली तिथल्या ऑफिसमधे पण नव्हती, शाळेचं नाव घेत नाही.

फक्त फॉर्म भरून पुस्तकं हातात दिली की झालं असं मात्र नाही, तो धंदा शहरात बक्कळ चालतो, पैसे भरा दहावी पास व्हा असल्या पाट्या आपण बघतोच. अशा पोराला शिकवायला माणूस लागतो, आणि नुसता माणूस नाही, जो त्याच्याशी कोकणा, वारली, भिल्ली जी काय घरची बोली असेल तिच्यात बोलू शकतो असा माणूस. सुरगाणा-पेठमधे डीएड, बीएड होऊन बसलेली आदिवासी पोरं-पोरी कमी नाहीत, पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्या भागातल्या भरतीसाठी २०२४ ला याच नाशकात आंदोलन करत होती तीच. त्यांना मानधन कुठून द्यायचं तर पेसा ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला निधी थेट मिळतो, त्यातून शिक्षणावर खर्च करता येतो आणि ठरवायचं ग्रामसभेने. आत्ता तो निधी बहुतेक ठिकाणी पेव्हर ब्लॉक आणि सभामंडपात जातो असं मला ये-जा करताना दिसतं. ग्रामसभेने आपला शिक्षक आपण नेमला तर तो दिवाळीनंतर टोळीबरोबर खाली यायला पण तयार होईल, त्याचेच भाऊबंद असतात.

वर्ष असं बसवता येईल. ऑगस्ट-सप्टेंबर, आवणी उरकल्यावर, गावात रोज शाळा. मग ऑक्टोबर ते डिसेंबर बागांच्या भागात संध्याकाळी दोन तास, चार-पाच बागा मिळून एक जागा. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो तेव्हा सुट्टी द्या ना सरळ, तेव्हा तसंही कोणी येणार नाही आणि का यावं. जानेवारी ते मार्च काढणीची धावपळ, तेव्हा आठवड्यातून एखादा दिवस पुरे. आणि एप्रिल-मे गावाकडं दिवसभर शाळा आणि परीक्षा. शिवाय एक हातातलं काम, पाबळसारखं. ड्रिपची दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग, ट्रॅक्टर-ब्लोअरचं काम, वेल्डिंग, या सगळ्याला आमच्याकडं माणूस मिळत नाही, पिंपळगावहून बोलवावा लागतो आणि तो दोन दिवस फिरकत नाही. आयटीआयमधे वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड दहावी नापासाला पण चालतात, हे सुद्धा पोरांना कोणी सांगत नाही.

एक भीती मला बोलून दाखवली टोळीतल्या एका बाईंनी आणि ती मला पटली. त्या म्हणाल्या, दादा, आमच्या पोरांना हलकी शाळा नको, खरी पाहिजे. बरोबर आहे. आदिवासींसाठी, गरिबासाठी वेगळं काही काढलं की ते दुय्यम होतं हा आपला अनुभवच आहे. म्हणून सर्टिफिकेट तेच पाहिजे जे पोलीस भरतीला, आयटीआयला, कॉलेजला चालतं, त्यावर कमीपणाचा शिक्का नको, आणि शिक्षकाला मानधन वेळेवर पाहिजे. नाहीतर वस्तीशाळांचं जे झालं, शिक्षक वर्षानुवर्षं तुटपुंज्या मानधनावर लटकलेले, तेच परत.

शहरातल्या पोरांबद्दल पण दोन ओळी. पेठ रोड, फुलेनगर, पंचवटी, सिडको इकडची जी पोरं कोयते घेऊन पेपरात येतात, विधिसंघर्षित बालक म्हणून नाव न छापता, त्यातली बरीच याच आठवी-नववीत सुटलेली असतात. उंटवाडीच्या निरीक्षणगृहात काही दिवस राहून बाहेर आलेल्या पोराला कुठली शाळा घेते सांगा. बाल न्याय कायदा २०१५ चा स्पष्ट सांगतो की जुन्या प्रकरणामुळं पोराला पुढं कुठं अपात्र ठरवायचं नाही, पण शाळेचा मुख्याध्यापक वर्ग भरलाय म्हणून सांगतो, विषय संपला. नाशिकरोड जेलमधले मोठे कैदी मुक्त विद्यापीठातून पदवी घेतात याच्या कौतुकाच्या बातम्या येतात, चांगलंच आहे, पण जेलमधे जायच्या आधी सोय केली तर?

जिल्हा परिषदेने सुपर फिफ्टी सुरू केलं, हुशार आदिवासी आणि मागासवर्गीय पोरांची जेईईची तयारी, चांगली पोरं निघतायत त्यातून. एकलव्य शाळा आहेत, सहावी ते बारावी, ४८० पोरं एका शाळेत. नामांकित इंग्लिश शाळांत पाठवायची योजना आहे. हे सगळं वर निघालेल्यांसाठी. सुटलेल्यांसाठी एकही नाव मला आठवत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात स्थलांतरित मजुरांच्या आणि गळालेल्या पोरांसाठी पर्यायी आणि नावीन्यपूर्ण शिक्षण केंद्रं काढायची असं लिहिलंय. काढा मग.

गडकरी चौकात आदिवासी विकास आयुक्तालय, सगळ्या राज्याच्या आश्रमशाळांचा कारभार तिथून. गंगापूर धरणाच्या रस्त्याला गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ पासून, घरी बसून शिकणाऱ्यांना कसं शिकवायचं यात त्यांचा हातखंडा. दोघांच्या मधे अंतर किती, रिक्षाने अर्धा तास. आणि मुक्त विद्यापीठाच्या जरा पुढं गिरणारे, जिथं सकाळी ही पोरं कामासाठी उभी असतात. या दोन ऑफिसांनी आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने मिळून गिरणारे आणि दिंडोरीत एक एक केंद्र चालू केलं तर पुढच्या एप्रिलला पहिली बॅच बसू शकते. आपल्या पेपरने त्यांना एवढंच विचारावं की समग्र शिक्षातल्या सोळा ते एकोणीसच्या त्या तरतुदीतून नाशिक जिल्ह्यात आत्तापर्यंत किती पोरांना पैसे मिळाले, आणि उत्तर काय येतं ते छापावं.

आता मला माहीत आहे की काही वाचक म्हणतील तुम्ही बागायतदार, तुम्हाला मजूर हवेत, तुम्ही कशाला शाळेच्या गप्पा मारता. प्रश्न रास्त आहे. आमच्या बागा यांच्या हातावर उभ्या आहेत, युरोपला जो कंटेनर जातो त्यातला प्रत्येक घड यांनी हाताळलेला असतो, आणि एक्सपोर्टच्या सर्टिफिकेटसाठी तपासणीवाले येतात तेव्हा बालमजूर नाहीत ना हे विचारतात, फॉर्मवर टिक होते, पोरांची शाळा कुठं आहे हे त्या फॉर्ममधे विचारलेलं नसतं. ही पोरं शिकून दुसऱ्या कामाला गेली तर आमचा मजुरीचा खर्च वाढेल, वाढू दे, तसाही मजूर कमीच होत चाललाय आणि अडाणी ठेवून तो थांबणार नाहीये. बागायतदार संघाच्या बैठकीत मी हे बोललो तेव्हा निम्म्यांनी मोबाईल बघितला, दोघा-तिघांनी नंतर बाजूला घेऊन जागा द्यायची तयारी दाखवली.

माझं पॅकिंगचं शेड जानेवारीपर्यंत रिकामंच असतं. लाईट आहे, पंखे आहेत, पिण्याचं पाणी आणि दोन टॉयलेट आहेत, आसपासच्या बागांवरच्या टोळ्या पायी येऊ शकतात. या ऑक्टोबरपासून संध्याकाळी सहा ते आठ कुणाला शिकवायला यायचं असेल, आयुक्तालयातून असो, विद्यापीठातून असो नाहीतर सुरगाण्याचा एखादा डीएड झालेला पोरगा असो, किल्ली देतो. राहायची-जेवायची सोय पण करू. भाडं नको. फक्त डिसेंबरच्या शेवटी क्रेट आणि वजनकाटे लावायला शेड परत लागेल, तोवर पुढची जागा बघून ठेवावी लागेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
म्हसरूळ, नाशिक